शब्दचर्चा : ‘विरळ हवेतला व्यायाम’ म्हणावं का?

नागपूरच्या धंतोलीहून विचारणा :
इथल्या एका जिमचं पत्रक मराठीत करून द्यायचं आहे. मूळ शब्द ‘हायपॉक्सिक स्ट्रेंथ ट्रेनिंग’. बंद खोलीत यंत्राने ऑक्सिजन कमी केलेली हवा सोडतात आणि त्या हवेत वजनं उचलायची. मी ‘विरळ हवेतील शक्तिप्रशिक्षण’ लिहिलं. मालक खूश. माझा भाऊ म्हणते, शक्तिप्रशिक्षण म्हणजे बचत गटाचं शिबिर वाटून राहिलं. त्याने सुचवलेला शब्द ‘अल्पप्राण व्यायाम’. कोणता ठेवू?

निवृत्त मराठी शिक्षिका, प्रतापनगर :
अल्पप्राण नको रे बाबा. क, ग, च, ज हे अल्पप्राण आणि ख, घ, छ, झ महाप्राण, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. उद्या शेजारचा जिमवाला ‘महाप्राण व्यायाम’ काढेल. मला ‘प्राणवायू’ हा शब्द आवडतो, पण पत्रकात ‘येथे प्राणवायू कमी केला जातो’ असं वाचून माणूस दारातूनच परत जाईल. दवाखान्यात आपण ‘ऑक्सिजन लावला’ असंच म्हणतो. तोच ठेव.

क्रीडा प्रशिक्षक, मानकापूर :
मॅडमचं ऑक्सिजनबद्दल पटलं. माझा आक्षेप ‘विरळ’वर आहे.

विरळ म्हणजे पातळ, दूरदूर पसरलेलं : विरळ केस, विरळ वस्ती. लेहची हवा खरोखर विरळ आहे. साधारण 3500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाच्या आसपास उतरतो. ऑक्सिजनचा वाटा मात्र तिथेही आपल्याइतकाच, जवळपास 21 टक्के. एका श्वासात हवाच कमी येते, म्हणून ऑक्सिजनही कमी येतो. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटर. सेमिनरी हिल्स कितीही वेळा चढलात तरी हवा विरळ होणार नाही, पाय तेवढे दुखतील.

जिमच्या खोलीत उलटं असतं. दाब नागपूरचाच राहतो, पण ऑक्सिजनचा वाटा उतरवलेला असतो. अभ्यासांमध्ये तो बहुधा 13 ते 16 टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. बाकीची जागा नायट्रोजन भरून काढतो. हवा तितकीच दाट, फक्त तिच्यातला उपयोगाचा भाग कमी. 1968 च्या मेक्सिको सिटी ऑलिम्पिकमध्ये, 2240 मीटरवर, बॉब बीमनने 8.90 मीटर लांब उडी मारली. त्या उंचीवर हवेचा अडथळा कमी, म्हणून उडी आणि छोट्या पल्ल्याच्या धावण्याला फायदा झाला, लांब पल्ल्याचे धावपटू मात्र धापा टाकत राहिले. यंत्राच्या खोलीत हा उडीचा फायदा मिळत नाही, कारण तिथली हवा विरळ नाहीच. ‘विरळ’ लिहिलं की डोळ्यापुढे डोंगर येतो, आणि मालकाला तेच हवं असणार.

जिमला जाणारा, वर्धमाननगर :
कोच सर, आमच्याकडे पोरं तोंडाला काळा मास्क लावून स्क्वॅट मारतात. तेही म्हणतात, ‘मी कमी ऑक्सिजनमध्ये करतो बे.’ त्याला काय म्हणायचं?

क्रीडा प्रशिक्षक :
त्याला ‘दम कोंडून व्यायाम’ म्हणा. त्या मास्कची झडप आवळली की श्वास ओढायला जोर लागतो. आत येणारी हवा तीच, 21 टक्केवाली. श्वास ओढणाऱ्या स्नायूंना थोडं काम मिळत असेल, पण तो लेह नव्हे. आणि दंडाला किंवा मांडीला पट्टा आवळून हलकी वजनं मारतात, जपानच्या योशिआकी सातोंनी ‘काआत्सु’ नावाने रूढ केलेला प्रकार, तोही वेगळा. तिथे हवा नेहमीचीच असते, पट्ट्याखालच्या अवयवातला रक्तप्रवाह रोखलेला असतो. पत्रकात हे सगळं एकाच शब्दात कोंबू नका.

‘स्ट्रेंथ’साठी ‘ताकद’ पुरे. ‘प्रतिकार प्रशिक्षण’ही कुठेकुठे दिसतं, पण त्याने लस टोचायची आठवण येते. आखाड्यात ‘जोर’ म्हटलं की लोक दंड काढायला वाकतात, म्हणून तोही इथे चालणार नाही. ‘वजनी व्यायाम’ लगेच कळतो.

पत्रकात ‘ताकद दुप्पट’ असं काही असेल तर काढून टाका. तर्क असा : ऑक्सिजन कमी पडला की स्नायू लवकर थकतो, लॅक्टेट जास्त साचतं, आणि मध्यम वजनालाही मोठे तंतू कामाला लागतात. तर्क ठीक आहे, निकाल मात्र एकसारखे नाहीत. काही अभ्यासांत थोडा फायदा दिसतो, काहींत साध्या हवेइतकंच. आणि तासभर खोलीत जाऊन बाहेर येणं वेगळं, तिथे राहणं वेगळं. 1985 च्या ‘ऑपरेशन एव्हरेस्ट टू’मध्ये माणसांना दाबकक्षात आठवडेच्या आठवडे ठेवून दाब एव्हरेस्टच्या शिखराइतका खाली नेला, तेव्हा त्यांचे स्नायू झिजले.

लॅब टेक्निशियन, मेडिकल चौक :
तुम्ही हवेचंच बोलून राहिले. ‘कमी ऑक्सिजन’ म्हणजे कुठे कमी, हे कोणीच विचारलं नाही. 2021 पासून घरोघरी ऑक्सिमीटर आहे. ‘बाबांचा ऑक्सिजन कमी झाला’ म्हणजे बोटाला लावलं आणि आकडा 94 च्या खाली गेला, म्हणजे रक्तातला. तुमच्या पत्रकात हवेतला कमी. अशा खोलीत रक्तातला आकडाही नव्वदच्या खाली जाऊ शकतो, अन् तिथे तो मुद्दाम पाडलेला असतो. म्हणून ‘हवेत’ हा शब्द गाळू नका, आणि ‘रक्तातलं प्रमाणही उतरतं’ हे वेगळं लिहा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. आपण विदर्भात राहतो. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा हा सिकलसेलचा, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, पट्टा. सिकलच्या हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन सुटला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात, अन् गोल पेशी विळ्यासारखी वाकते. रुग्णाने त्या खोलीत पायच ठेवू नये. वाहकाला, म्हणजे ज्याला हा दोष आईबापापैकी एकाकडूनच आला त्याला, एरवी बहुधा काही होत नाही, पण उंचीवर किंवा अतिश्रमात वाहकांच्या प्लीहेला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. ‘विरळ हवा’ म्हटलं की महाबळेश्वरला निघाल्यासारखं वाटते, कोणी आपलं सिकलसेल तपासणीचं कार्ड काढून बघत नाही. शब्द सौम्य ठेवण्याचा धोका इथे आहे. बऱ्याच जणांना आपण वाहक आहोत हेच माहीत नसते. आधी सोल्युबिलिटी ही साधी रक्तचाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर रुग्ण की वाहक हे सांगणारी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी.

धंतोलीहून :
सगळ्यांचे आभार. आता असं लिहितो : ‘ऑक्सिजन कमी केलेल्या हवेत वजनी व्यायाम.’ खाली जाड अक्षरात : ‘सिकलसेल रुग्णांना प्रवेश नाही. वाहकांनी व तपासणी न झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.’ मालक म्हणतो, पाटीवर एवढं मावत नाही अन् दुसरी ओळ पाहून गिऱ्हाईक पळेल.

निवृत्त मराठी शिक्षिका :
पाटीवर ‘हायपॉक्सिक जिम’ लिहू दे त्याला, नाहीतरी आत जाणारे तेच म्हणणार. दुसरी ओळ पत्रकावर आणि दारावर, दोन्हीकडे. ‘प्रवेश नाही’च्या जागी ‘कृपया प्रवेश टाळावा’ असं गुळमुळीत करायला सांगेल तो. करू नकोस.