व्हील नटचे आटे गेलेत, स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) ठोकून काढू की हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) प्रेसवर (दाबयंत्रावर) नेऊ?

मंडळी, गाडी २०१५ ची वॅगनआर. घरीच पुढचे टायर मागे करताना डाव्या पुढच्या चाकाचा एक नट तिरका बसला. आधी हाताने दोन-तीन आटे फिरवायचं सोडून थेट पाना लावला, चूक माझीच. नट काढला तर आट्यांतून चांदीसारखा चुरा निघाला. तीन नटांवर गाडी पळवायची नाही, म्हणून दारातच स्टँडवर उभी आहे.

तारेच्या ब्रशने साफ केलं, नवा नट (१२ मिमी, १.२५ पिच) लावला, तोही अर्ध्यावर अडकतो, म्हणजे स्टडचेही आटे गेलेत. शेजारचे काका म्हणतात ग्रीस लाव. पण ग्रीस लावलं की तेवढ्याच टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) स्टड जास्त ताणला जातो, म्हणून टाळलं. टॉर्क पाना आहे, प्रेस नाही.

उद्यमनगरात विचारलं तर एक मिस्त्री म्हणाले, "हातोड्यानं ठोकून काढूया की, पाच मिनटाचं काम." मला भीती बेअरिंगची. स्टडच्या नादात बेअरिंगचा खर्च नको.

कुणी स्वतः केलंय का? डिस्क उतरवल्यावर या गाडीत स्टड मागून काढायला जागा मिळते, की नकल (हब आणि बेअरिंग ज्यात बसतात तो भाग) उतरवून हब प्रेसवरच न्यावा लागतो? आणि डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे दुरुस्त केलेला स्टड पुढच्या चाकाला भरवशाचा असतो का?