बजेट कागदावर जुळतं, मग पालिकेकडे पैसे का नसतात?

साधा_करदाता:
मंडळी, एक बाळबोध प्रश्न आहे. पालिकेच्या बजेटात जमा आणि खर्च जुळवावेच लागतात ना, बऱ्याच देशांत तर तसा कायदाच आहे, तुटीचं बजेट मंजूरच होत नाही. मग सहा-आठ महिन्यांत ठेकेदारांची बिलं थकली, पगाराची मारामार, असं कसं होतं? सभेत बघावं तर नुसती कारंजी आणि दौऱ्यांवरून भांडणं. ती उधळपट्टी बंद केली तर खरंच भोक बुजेल का, की शेवटी घरपट्टी वाढवणारच? हिशोबातलं कळणाऱ्यांनी जरा सांगा.

खतावणी:
अहो बजेट म्हणजे अंदाज. आधी कामं ठरतात आणि मग ती बसतील एवढी जमा लिहिली जाते, म्हणजे जमिनी विकून इतके येतील, थकबाकी इतकी वसूल होईल, सरकारकडून इतकं अनुदान मिळेल वगैरे. त्या भरवशावर वर्कऑर्डर निघतात, आणि जमा आलीच नाही तरी ठेकेदाराचं देणं काही टळत नाही, मग ते पुढच्या वर्षाच्या माथी. न्यूयॉर्कने वर्षानुवर्षं हेच केलं. रोजचा चालू खर्च भांडवली खर्चात, म्हणजे पूल-इमारतींसारख्या टिकाऊ कामांच्या खात्यात, घुसडायचा, अजून न आलेल्या महसुलावर अल्पमुदतीची कर्जं काढायची, आणि १९७५ मध्ये शहराचे नवीन रोखे (म्हणजे कर्जाचे कागद) घ्यायला कोणी तयार होईना तेव्हा शहर बुडता बुडता राहिलं. तोवर कागदावर बजेट जुळतच होतं!

कारंज्यात फार काही नसतं हो. पगार, पेन्शन, कर्जाचे हप्ते, पाणी उपसायचं वीजबिल यात बराचसा पैसा आधीच अडकलेला असतो, आणि उरलेल्यावरून सगळी सभा भांडते.

उगाच_नाही:
हे मला पटत नाही. छोटं म्हणून सोडून द्यायचं का? कारंजं बांधायचा खर्च एकदाच, पण सांभाळायचा दरवर्षी, तो कोणी मोजतच नाही. आणि उद्या घरपट्टी वाढवायला आलात की लोक पहिलं बोट तिकडेच दाखवणार, आणि बरोबरच आहे त्यांचं. शिवाय प्रत्येक उधळपट्टी किरकोळ नसते. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, हिशोबासाठी नवीन सॉफ्टवेअर घेतलं, सुरुवातीचा अंदाज २ कोटी पौंडांच्या आत होता, तो जवळपास १० कोटींवर गेला.

खतावणी:
बरोबर, पण बर्मिंगहॅमला खरा दणका बसला तो समान वेतनाच्या दाव्यांचा. बायकांना वर्षानुवर्षं कमी पगार दिला, त्याची थकबाकी तेव्हा ६५ ते ७६ कोटी पौंड धरली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे कायद्याने बंधनकारक सेवा सोडून नवीन खर्च बंद. पुढच्या वर्षी कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, जवळपास १० टक्के वाढला आणि सेवांनाही कात्री लागली, म्हणजे लोकांनी दोन्हीकडून भरलं. जुनी देणी वेळेत मांडली नाहीत की असं होतं, सॉफ्टवेअर हे त्यावरचं निमित्त.

तिसरा_बाक:
घरपट्टी वाढवा म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतलं डेट्रॉइट बघावं. १९५० ला साडेअठरा लाख लोकवस्ती, २०१० ला सात लाखांच्या आसपास. रस्ते, नळ, पेन्शनर मात्र जुन्या मोठ्या शहराचेच. मागे उरलेल्यांवर कराचं ओझं वाढत गेलं तसे ज्यांना जमेल ते अजून निघून गेले, आणि जुलै २०१३ मध्ये सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांसह दिवाळखोरीचा अर्ज. पेन्शनरांच्या पेन्शनीतसुद्धा कपात झाली, त्यांचा काय दोष होता यात?

साधा_करदाता:
बाप रे. मग सामान्य माणसाने बजेटात नेमकं बघायचं काय? एवढं जाडजूड पुस्तक असतं ते.

खतावणी:
पुस्तक सगळं वाचूच नका. मागच्या तीन-चार वर्षांची जमा बघा, मूळ अंदाज किती होता, सुधारित किती आणि प्रत्यक्षात आले किती. दरवर्षी अंदाज मोठा आणि जमा कमी असेल तर तूट चुकून आलेली नाही, ती आधीच लिहून ठेवलेली आहे. मग द्यायच्या राहिलेल्या बिलांची यादी मागा, आणि कराची थकबाकी कोणाकडे आहे ती पण.

उगाच_नाही:
थकबाकीची यादी मागाच. बड्या थकबाकीदारांत कधीकधी सरकारी खातीच निघतात, मग वसुलीची नोटीस कोण कोणाला काढणार 😀