तारीख येईपर्यंत अंगावर जाणं कसं सांभाळायचं?

सायली_मुलुंड:
वय ४४. पाळी लांबते, मधेच डाग लागतात, सुरुवातीच्या दिवसांत रक्ताच्या मोठ्या गाठी पडतात. सोनोग्राफीत फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) नाही, 'अस्तर १४ मिमी' (गर्भाशयाच्या आतल्या थराची जाडी) एवढाच शेरा आहे. पालिकेच्या रुग्णालयात हिस्टरोस्कोपी (दुर्बिणीने गर्भाशय आतून बघणं) आणि बायॉप्सीची (तपासायला तुकडा काढणं) तारीख मिळालीय, पण पुढच्या महिन्यातली. तोवर मुलुंड ते सीएसएमटी लोकल रोजचीच.
किती गेलं म्हणजे जास्त, हे घरी कसं ठरवायचं? तारखेची वाट न बघता कधी धावायचं? शेजारच्या काकू म्हणतात पाळी थांबवायच्या गोळ्या घे, त्या घ्याव्यात का? आणि १४ मिमी म्हणजे घाबरायचं का? धीर सगळेच देतात, मला नेमकी माहिती हवी आहे.

अबोली७:
आधी धावायचं कधी ते. मोठं पॅड तासाभरात पूर्ण भिजतंय आणि असं सलग दोन तास चाललंय, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, बसल्या जागी छातीत धडधडतं किंवा जिना चढताना नव्याने धाप लागते, यांतलं काहीही असेल तर ओपीडी नाही, थेट कॅज्युअल्टी. सोबत कोणीतरी हवंच, नाहीतर १०८ला फोन. ट्रेनने एकटीने जायचं नाही.

गर्भधारणेची चाचणी घरी करून टाका, सकाळच्या पहिल्या लघवीवर. ४४व्या वर्षी कशाला, असं म्हणून बायका ती टाळतात आणि नळीतला गर्भ (गर्भाशयाबाहेर राहिलेला) तिथेच नजरेतून सुटतो. चाचणी पॉझिटिव्ह आणि पोटात एका बाजूला किंवा खांद्याच्या टोकाला दुखत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय.

आता मोजमाप. 'दिवसाला आठ पॅड लागतात' यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही, कारण कोणी ओलं झालं की बदलतं, कोणी गळेपर्यंत थांबतं. १९९०पासून वापरात असलेला एक गुणांचा तक्ता आहे, तो वहीत आखा. पॅडला नुसता डाग असेल तर १ गुण, मध्यम भिजलं तर ५, पूर्ण भिजलं तर २०. लहान नाण्याएवढी गाठ १, त्याहून मोठी ५. अख्ख्या पाळीची बेरीज करायची. १०० ओलांडली की साधारण ८० मिलीहून जास्त रक्त गेलं असं धरतात. म्हणजे एकाच दिवशी चार पॅड पूर्ण, दोन मध्यम आणि दोन मोठ्या गाठी असतील तर तिथेच ८० + १० + १० = १०० झाले.

यात फसगत होते ती पॅडच्या मापाने. एक्स्ट्रा लार्ज पॅड अर्धं भिजलं तरी साध्या पॅडपेक्षा जास्त धरून ठेवतं. म्हणून तारखेपर्यंत एकच ब्रँड, एकच माप. मधल्या दिवसांचे डाग वेगळ्या रंगाने लिहा आणि संबंधानंतर आलेले असतील तर तसं स्पष्ट लिहा. तेव्हा संशय गर्भाशयाच्या मुखावर जातो आणि तपासणीची दिशाच बदलते.

प्रयोगशाळा_ताई:
१४ मिमीबद्दल. पाळी चालू असलेल्या बाईत अस्तर रोज बदलतं. पाळी संपता संपता ते २ ते ४ मिमी असतं, पुढची पाळी जवळ आली की १६ मिमीपर्यंतही नॉर्मल धरतात. त्यामुळे सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी झाली हे रिपोर्टवर नसेल तर त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. तारीख काढून पेनने लिहून ठेवा. ४ मिमीची जी मर्यादा नेटवर सापडते ती पाळी पूर्ण बंद झाल्यावर रक्त दिसणाऱ्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. शिवाय जाड अस्तरात छोटा पॉलिप (अस्तराचा मऊ कोंब) लपतो. तुम्हाला नुसती सोनोग्राफी पुरे न म्हणता हिस्टरोस्कोपी दिलीय, ती यासाठीच. चाळिशीनंतर असं जात असेल तर आपल्याकडे बायॉप्सी सुचवतातच. त्याचा अर्थ कॅन्सरच सापडलाय असा नाही.

तारखेआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) करून घ्या. हिमोग्लोबिन १२च्या वर असूनही फेरिटिन ३०च्या खाली असू शकतं, म्हणजे साठा संपत आलाय. उलट अंगात ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं चढतं. एमसीव्ही (तांबड्या पेशींचा आकार, सीबीसीतच येतो) खूप कमी आणि फेरिटिन नॉर्मल आलं तर थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) आहे का ते बघावं लागतं. तेव्हा लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने गिळून उपयोग नाही.

पाळी पहिल्यापासूनच जोरात, नाकातून वारंवार रक्त, दात काढल्यावर थांबता थांबत नाही, असा इतिहास असेल तर रक्त गोठण्याच्या दोषाचीही तपासणी हवी. परळला केईएमच्या आवारातच राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, हेच तिचं क्षेत्र. चाळिशीत नव्याने सुरू झालेल्या त्रासात ही शक्यता कमी.

सायली_मुलुंड:
चाचणी निगेटिव्ह आली. सोनोग्राफी विसाव्या दिवशीची होती, आता लिहून ठेवलं. काकूंच्या गोळ्यांचं कोणी सांगेल का? नाव नॉरएथिस्टेरॉन, ५ मिग्रॅ.

केमिस्ट_दादर:
सायलीताई, त्या स्वतःहून घेऊ नका. कारणं दोन. ते हार्मोन अस्तरावरच काम करतं, त्यामुळे बायॉप्सीत दिसायला हवं ते चित्र बदलू शकतं. दुसरं, गोळी थांबवली की दोन-चार दिवसांत पाळीसारखं रक्त जातंच, कधी जोरातही. बायकांना वाटतं आजार उलटला, मग पुन्हा गोळ्या, असं चक्र सुरू होतं. डॉक्टरांनीच दिली असेल तर प्रश्न नाही. पण कधी सुरू केली, कधी थांबवली हे बायॉप्सीच्या फॉर्मवर लिहायला सांगा. मधेच एखादी गोळी चुकली तरी डाग लागतात.

वाट बघताना सहसा देतात ते ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड. ५०० मिग्रॅच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, फक्त जोराच्या दिवसांत, चार-पाच दिवसांपुरतं. पाळीची तारीख त्याने हलत नाही, अस्तरही बदलत नाही. दिवस तेवढेच राहतात, रक्त कमी जातं. पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय अजिबात नाही.

काउंटरवर नेहमी दिसणारा गोंधळ सांगतो. ट्रॅनेक्झॅमिकच्या 'एमएफ' गोळीत मेफेनॅमिक अॅसिड (वेदनाशामक) २५० मिग्रॅ आधीच असतं. त्यावर पोटदुखीसाठी वेगळी मेफ्टाल (तेच औषध) घेतली की डोस वाढतो आणि पोटात जळजळ सुरू. दमा किंवा अल्सर असेल तर एमएफ टाळतात. आणि दुखतंय म्हणून अॅस्पिरिन घ्यायची नाही.

अबोली७:
+१. लोहाची गोळी डॉक्टरांनी दिलीच तर एक दिवसाआड चालेल का ते विचारा, पोटाला सोसते आणि शोषणही चांगलं होतं. चहा आणि कॅल्शियमपासून दोन तास लांब, लिंबूपाण्याबरोबर. शौचाला काळं होणं अपेक्षितच.

ट्रेनसाठी पॅडवर पीरियड पँटी आणि बॅगेत एक जास्तीचा काळा सलवार. सध्या पाळीचा कप वापरत असाल तर उत्तम, त्यावर मिलीच्या खुणा असतात, मोजायचं काम सोपं. हिस्टरोस्कोपीनंतर मात्र डॉक्टर सांगेपर्यंत कप बंद.

प्रयोगशाळा_ताई:
तारखेबद्दल राहिलंच. त्या दिवशी जोरात जात असेल तर दुर्बिणीतून नीट दिसत नाही, पुढे ढकलतात. म्हणून न जाता घरी बसू नका, आदल्या दिवशी विभागात विचारा. न सांगता चुकवली तर नवी तारीख रांगेच्या शेवटी.
बायॉप्सीची बाटली कधी कधी नातेवाइकांच्याच हातात देतात लॅबला न्यायला. आत १० टक्के फॉर्मेलिन (तुकडा टिकवणारं द्रव) हवं, सलाइन नव्हे, सलाइनमध्ये तुकडा खराब होतो. बाटलीवर (झाकणावर नाही) नाव आणि तारीख आहे ना ते बघून मगच निघा. रिपोर्ट आल्यावर लगेच 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळाला तर लॅबकडून ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड (काचेवरचा त्याचा काप) मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येतात.

सायली_मुलुंड:
वही आखली, सीबीसी आणि फेरिटिन उद्या देतेय. फॉर्मेलिनचं कोणीच सांगितलं नव्हतं.