[मंडळ-गप्पा] जूनमध्ये आई-बाबांना घेऊन ॲरन, एका दिवसात होईल का?

प्रेषक: मुग्धा (पेस्ली)

नमस्कार मंडळी,
साताऱ्याहून आई-बाबा आलेत. बाबा ७१ चे, आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, आणि आमची दोन कार्टी, ९ आणि ६. शनिवारी पहिल्या बोटीने ॲरनला, म्हणजे इथल्या स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या बेटावर, जायचं आणि संध्याकाळी परत यायचं असं डोक्यात आहे. गाडी नेऊन बेटाला पूर्ण चक्कर, ब्रॉडिकचा किल्ला, ते उभे दगड, एखादा धबधबा, जमलं तर गोट फेलचा डोंगर. "पुतळे आणि दुकानं बास झाली, आता मोकळ्यावर ने," असं बाबांनी बजावलंय. होईल ना एवढं सगळं?

प्रेषक: अरविंद काका (एअर)

मुग्धा, होईल. गाडीच्या काचेतून.
बेटाला वळसा घालणारा रस्ता जेमतेम ९० किलोमीटरचा, म्हणून सगळ्यांना वाटतं तीन तासांचं काम. पण उत्तरेला चढ-वळणं, मध्येच मेंढ्या, आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी "थांबा, फोटो!" म्हणतं. शेवटी चार वाजता बोट चुकायच्या धास्तीने सगळे गप्प बसलेले असतात. आम्ही पहिल्या खेपेला हेच केलं होतं. त्या दिवसातली मला आठवते ती फक्त गाडीत सांडलेली बाकरवडी.

माझं ऐक, दोन रात्री रहा आणि गाडी घरीच ठेव. पायी जाणाऱ्यांना बोटीत सहसा जागा मिळते, उन्हाळ्यात अडतं ते गाड्यांचं. बोट ट्रूनहून आहे की आर्ड्रोसनहून, ते तिकिटावर नीट बघ, नाहीतर भलत्याच धक्क्यावर उभी राहशील. ब्रॉडिकला उतरलं की बस बोटीच्या वेळेला लागलेली असते. साठीपुढच्या आम्हा इथल्यांना कार्डावर बस फुकट, आई-बाबांचं मात्र तिकीट काढावं लागेल.

आता गोट फेल. उंची ८७४ मीटर. कळसूबाई १६४६, म्हणून आपली माणसं हसतात. पण कळसूबाईला आपण बारीपासून चढतो आणि बारी मुळातच उंचावर. इथे सुरुवात समुद्राला टेकून, म्हणजे ८७४ मीटर स्वतःच्या पायांनी. वाट चांगली आहे, पण वरच्या टप्प्यात दगडधोंडे आणि वारा, जाऊन-येऊन पाच-सहा तास. शिड्या नाहीत, लिंबूसरबतवाला नाही, माथ्यावर पिठलं-भाकरी तर नाहीच. आईंच्या गुडघ्याला ते नको.

त्याऐवजी पश्चिमेला मॅकरी मूर. रस्त्यापासून दोन-अडीच किलोमीटर, शेतातली जवळपास सपाट वाट, दोन्हीकडे मेंढ्या. शेवटी मोकळ्या माळावर लाल वालुकाश्माचे तीन उंच खांब, सगळ्यात मोठा पाच मीटरच्या वर, चारेक हजार वर्षं तसाच उभा. ना तिकीट, ना कुंपण. कुणाच्या रानातून वाट गेली तरी बिचकायचं नाही. २००३ च्या कायद्याने इथे नीट वागणाऱ्याला बहुतेक सगळीकडे फिरायची मुभा आहे. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं, एवढंच.

तिथून थोडं दक्षिणेला किंग्ज केव्ह. शाळेत ऐकलेला स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस आणि सारखा पडूनही जाळं विणणारा कोळी आठवतो? ती हीच गुहा, असं इथले लोक सांगतात. वनखात्याच्या वाहनतळावरून चालत फेरी दोन तासांत होते, किनाऱ्यावर दगडगोटे आहेत तेवढं सांभाळा. अर्थात आयर्लंडच्या उत्तरेचं रॅथलिन बेटही त्याच कोळ्यावर हक्क सांगतं. बाबांना तेवढं बोलू नकोस.

प्रेषक: सचिन (किलमार्नॉक)

काका, दगड ठीक, पण गळाचं बोला! आम्ही मालवणचे. बेटावर जाऊन बांगडा न काढता परत यायचं म्हणजे अपमान. लॅमलॅशच्या खाडीत टाकू का?

प्रेषक: प्राजक्ता (लार्ग्स)

सचिन, समुद्रात गळ टाकायला इथे परवाना लागत नाही, आणि उन्हाळ्यात बांगडाही मिळतो. पण लॅमलॅशच्या खाडीचा उत्तरेकडचा भाग सोड. २००८ पासून तिथे काहीही पकडायला बंदी आहे, गळसुद्धा चालत नाही. स्कॉटलंडमधली ही अशी पहिली जागा. आणि ती सरकारला आपणहून सुचलेली नाही. मासळी संपत चालल्याचं पाण्याखाली पाहिलेल्या दोन स्थानिक पाणबुड्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा करून मिळवलीय. त्यातल्या हॉवर्ड वुड यांना २०१५ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कारही मिळाला. तुझ्या वहिनींना ही गोष्ट सांग, बांगडा बाजारातून आणशील.

मुग्धा, दुसऱ्या दिवशी लॅमलॅशहून छोट्या होडीने होली आयलला जा. १९९२ पासून ते तिबेटी बौद्धांच्या ताब्यात आहे. किनाऱ्याच्या वाटेवर खडकांवर रंगवलेली चित्रं, सेंट मोलेझची गुहा, मोकळे घोडे, पांढऱ्या बकऱ्या. पोरं खूश. दारू नाही, कुत्री न्यायची नाहीत. वारा-भरतीवर होडी अवलंबून, सकाळी फोन करूनच निघ. माथा ३१४ मीटर, बाबांना हौस असेल तर तो चढू दे.

आणि मिज! जूनमध्ये वारा पडला की हे चिलटासारखे किडे ढगाने येतात. वाऱ्यात नसतात, म्हणून खायला झाडीत बसू नका, किनाऱ्यावर बसा. गवतातून आल्यावर पोरांच्या पायांवर गोचिड्या बघायच्याच. ॲडर नावाचा विषारी सापही आहे, आपल्या फुरशाचा लांबचा भाऊबंद, पण तो बिचारा आधी पळतो.

प्रेषक: मुग्धा (पेस्ली)

काका, प्राजक्ताताई, खूप आभार. ठरलं, दोन रात्री, गाडी नाही. उजेड रात्री दहापर्यंत असतो, तर पोरांना झोपवायची चिंताच सोडली. गोट फेल रद्द. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही.

प्रेषक: वसंतराव (सध्या मुक्काम पेस्ली)

सर्वांस सप्रेम नमस्कार.
जावईबापूंनी गेल्या आठवड्यात माझाही पत्ता या यादीत घातला, हे मुग्धाला ठाऊक नसावे. रॅथलिनचे वाचले. तरी गुहा बघणार.
गोट फेल कोणी रद्द केला ते मला विचारून करायचे होते. मी रोज पहाटे अजिंक्यतारा चढतो. अरविंदराव, आपण शनिवारी मोकळे आहात काय?

प्रेषक: अरविंद काका (एअर)

वसंतराव, आहे. फक्त बूट घोट्यापर्यंत येणारे घाला, चपला चालणार नाहीत. भाकरी तुमच्याकडून, ठेचा मी आणतो.