मुखवटा काचेत ठेवायचा की तोंडाला बांधायचा?

रात्रपाळी: काल इथे एकाने लिहिलं की जपानी लोक नो नाटकात तीन-चारशे वर्षं जुने लाकडी मुखवटे अजून घामेजल्या तोंडाला बांधतात, हा शुद्ध अडाणीपणा, सगळे उचला आणि म्युझियममध्ये टाका. झोपायच्या आधी वाचलं, झोप उडाली. अहो, को-ओमोते म्हणजे तरुणीचा मुखवटा, नुसता हातात घेतला तर मख्ख दिसतो. नटाने मान किंचित वर केली की हसतो, खाली घातली की रडवेला होतो, दोन्हीला त्यांच्याकडे वेगळे शब्द आहेत, तेरासु आणि कुमोरासु. मी क्योतोत बघितलंय, शेजारची म्हातारी डोळे पुसत होती आणि मला शब्द एक कळत नव्हता. काचेच्या पेटीत एकच कोन आणि एकच दिवा, काय दिसणार कपाळ? नट आरशाच्या खोलीत बसून आधी मुखवट्याला वाकून नमस्कार करतो, मग बांधतो. ती वस्तू कामातली आहे हो.

सागवान: कालचा तो अडाणी मीच. हिनोकीचं लाकूड, वर शिंपल्यांची पूड सरसात कालवून दिलेले थर. लाकूड दमटपणाने फुगतं, थर फुगत नाही, मग तडा जातो. यात भावना कुठे आली? आमच्या आजोबांचा देव्हारा असाच ‘कामातला’ होता, दर गणपतीला काकांनी ऑइलपेंट फासला, आज खालचं कोरीवकाम नखाने शोधावं लागतं. आणि सोळाव्या शतकात जपानवर सत्ता गाजवणाऱ्या हिदेयोशीकडे तीन को-ओमोते होते, नावं हिम, चंद्र, फूल. चंद्र कुठाय आता?

रात्रपाळी: एदोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, किल्ल्यात जळाला म्हणतात. म्हणजे नीट जपून ठेवला होता तेव्हा! हिम क्योतोत कोंगो या नो नटांच्या घराण्याकडे आहे, फूल तोक्योत मित्सुईच्या म्युझियममध्ये. आणि देव्हारा वापराने नाही, काकांनी घालवला.

सागवान: काकांवर जायचं काम नाही. ते लोक जुन्याची हुबेहूब नक्कल करतात ना, उत्सुशी, अगदी ओरखडे आणि उडालेल्या रंगासकट? मग नक्कल बांधा की तोंडाला.

प्रज्ञा_के: मूळ मुद्दा कुणी बोलतच नाहीये. नोमधला तो शिंगंवाला मुखवटा, हान्न्या, तो शब्द म्हणजे आपली ‘प्रज्ञा’!! माझंच नाव. सगळं इथूनच गेलंय.

तिसरी_घंटा: आलं का. ताई, शब्द इथला, मुखवटा त्यांचा. मत्सराने जळून राक्षसीण झालेली बाई आहे ती, त्यात प्रज्ञा शोधून दाखवा. हान्न्याबो नावाच्या भिक्षूने घडवला म्हणून ते नाव पडलं असं सांगतात.

प्रज्ञा_के: बौद्ध धर्म कुठून गेला मग, नाशिकहून की न्यूयॉर्कहून? आपलं कौतुक केलं की काही लोकांना मिरच्या झोंबतात.

तिसरी_घंटा: बरं घ्या कौतुक. नोच्या कितीतरी आधीचं गिगाकु, तेही जपानातलं मुखवट्यांचंच नाट्य, त्यात कारुरा म्हणजे गरुड आहे आणि बारामोन म्हणजे ब्राह्मणही आहे. तो काय करतो माहितीय? लंगोट धुतो. करा अभिमान.

प्रज्ञा_के: जातीवर आलात. रिपोर्ट करतेय.

तिसरी_घंटा: करा. मीच जोशी आहे.

मोखाडकर: तुमचं भांडण चालू द्या, मी आपला बोहाड्याचं सांगतो, आमच्या मोखाड्याकडचा देवादिकांचे मुखवटे नाचवायचा उत्सव. आमच्या आजोळी मुखवटा म्हणत नाहीत, सोंग म्हणतात. ज्या घराचं सोंग त्या घराने नाचवायचं. लहानपणी मामाच्या पाठीमागून मशालीच्या उजेडात बघायचो, आतून लाकूड काळं कुळकुळीत, हनुवटीपाशी गुळगुळीत झालेलं. एका वर्षी घरात आजारपण आलं, मुंबईचा एक माणूस आला, पैसे देऊन घेऊन गेला. पुढे एका हॉटेलच्या भिंतीवर तसलंच एक बघितलं, खाली स्पॉटलाइट. तेच होतं का कळलं नाही, आतली बाजू बघायला मिळाली तर सांगता आलं असतं. वेटर म्हणाला हात लावू नका.

रात्रपाळी: जपानात पण हेच झालं राव. 1868 ला राजवट बदलली, सरदारांचा आश्रय गेला, नटांनी मुखवटे, कपडे विकून दिवस काढले, कितीतरी परदेशात गेले. म्हणून जे घराण्यांकडे उरलेत ते तरी नाचू देत. आणि सागवान, नक्कल करणारा मूळ मुखवटा उलटा करूनच बघतो, छिन्नी कुठे कशी फिरलीय ते मागच्या बाजूला दिसतं.

सागवान: मोखाडकरांचं वाचून गप्प बसलो होतो. ठीक आहे, खास प्रयोगाला वर्षातून एकदा बांधा. पण आतून घाम टिपायला फडकं तरी लावा, इतकं तर मान्य कराल?

रात्रपाळी: आतून कपाळाला, गालाला गादीचे तुकडे लावतातच. मुखवटा नीट बसावा म्हणून.

सागवान: मग हे आधी सांगायला काय झालं होतं!

प्रज्ञा_के: माझ्या मुद्द्याला अजून उत्तर आलेलं नाही.

मोखाडकर: मामा गेला. सोंगाच्या जागी आता पुठ्ठ्याचं केलंय, भाचा नाचवतो. होळीनंतर या कुणाला यायचं तर, रात्रभर जागायची तयारी ठेवा.