थेरियन असणं दाखवायला मास्क-शेपूट लागतंच का?

माळावरची
मी २७ वर्षांची, पुण्यात अकाउंट्सचं काम करते आणि मी थेरियन आहे. ज्यांना शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी, आपलं शरीर माणसाचंच आहे हे पक्कं ठाऊक असतं पण आतून आपण एक ठरावीक प्राणी आहोत ही जाणीव कधीतरी येते आणि जात नाही. त्या प्राण्याला थेरिओटाइप म्हणतात. माझा खोकड. कोल्हा नाही, खोकड, आपल्या माळरानावरचं ते लहानसं राखाडी, शेपटीचं टोक काळं असलेलं.

हल्ली रील्स बघून सगळ्यांना वाटतं की फेल्टचा मास्क, लोकरीची शेपूट आणि चार पायांवर उड्या, झालं थेरियन. पण १९९० च्या दशकात यूजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-ग्रुपांच्या जाळ्यावर, वेअरवुल्फच्या (लांडगा होणाऱ्या माणसांच्या) भयकथांसाठी एक ग्रुप होता तिथे लोक लिहायला लागले की ही आमच्यासाठी गोष्ट नाहीये, आम्हाला खरंच असं वाटतं, आणि तिथून हे सगळं वाढलं. तिथे कुणी कुणाचा मास्क बघत नव्हतं, सगळं लिहून चालायचं.

मी पण एक शेपूट केलीय. लोकरीचे धागे कापून एका दोरीला गाठी मारायच्या आणि मग कुत्र्याच्या तारेच्या ब्रशने विंचरत बसायचं, दोन संध्याकाळी गेल्या तेव्हा कुठे ती फुलली. टोकाला काळी लोकर. ती कपाटात असते, दार लावून घालते. बाकी माझं व्यक्त होणं म्हणजे सुप्याकडच्या माळावर पहाटे जाऊन गप्प बसणं आणि थीटा-डेल्टाचं, म्हणजे थेरियन लोकांच्या खुणेचं एक लॉकेट, ज्याचा अर्थ ऑफिसात कुणाला कळत नाही. खुर्चीत बसताना शेपूट मागे अडतेय असं वाटून मी अजूनही थोडी पुढे सरकते. एवढं मला पुरतं. दाखवलं नाही म्हणून ते कमी खरं होत नाही.

टोरांटोची_लांडगीण
मनापासून असहमत. तू कपाटाचं दार लावतेस आणि त्याला पुरतं म्हणतेस. मी पण आठ वर्षं तेच म्हणत होते. मग मांजराचा तयार मास्क आणला, पॉलिश पेपरने त्याचा रंग घासून काढला, पुठ्ठ्याचं नाक जोडलं, वर फेल्ट आणि खोट्या फरचे तुकडे हॉट ग्लूने लावले (दोन बोटं भाजली) आणि आरशासमोर घातला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हां, हा चेहरा बरोबर आहे. तो मास्क घालून मी पार्कात गेले म्हणून मला इथल्या दोघी भेटल्या. सगळ्यांनी तुझ्यासारखं दार लावलं असतं तर आम्ही एकमेकींना कधीच सापडलो नसतो.

सांगलीकर_काका
दोघींचं वाचलं. वाईट वाटून घेऊ नका पण स्पष्ट बोलतो. आपल्याकडे खंडोबाचे वाघ्ये देवाचे कुत्रे म्हणून भुंकायचे, कोटंब्यात (भिक्षेच्या लाकडी भांड्यात) खायचे, पण त्यामागे नवस होता, सेवा होती, अख्खं गाव सोबत होतं. तुमचं हे नुसतं स्वतःपुरतं आहे. त्यात खरंच असं वाटत असेल तर मास्क आधी का डॉक्टर आधी?

माळावरची
काका, वाघ्यांबद्दल तुम्ही म्हणताय ते अगदी बरोबर. मला एकाने सुचवलं होतं की तू लोकांना वाघ्याचं उदाहरण दे म्हणजे गप्प बसतील, मी नाही देत. ती त्यांची भक्ती आहे, माझ्या बचावासाठी वापरायची गोष्ट नाही. डॉक्टरांचं म्हणाल तर आपण खरंच प्राणी झालोय, अंगावर केस आलेत असा भ्रम होणं हा वेगळा आजार आहे, तिथे डॉक्टर लागतोच. मला माझे हात हातच दिसतात. आणि स्वतःपुरतं आहे हे तुम्ही दोष म्हणून सांगताय, मी तेच तर मागतेय.

न्यू_जर्सीची_आई
माझी मुलगी १२ वर्षांची आहे, तिच्यासाठी हे लिहितेय. २०२२ मध्ये इथे अफवा उठली की स्वतःला प्राणी समजणाऱ्या मुलांसाठी शाळा बाथरूममध्ये मांजरांसारखे लिटर बॉक्स (शी-शूसाठी वाळूचे डबे) ठेवतात, निवडणुकीच्या भाषणांत पण आलं, आणि ते खोटं निघालं तरी आजही पोरं माझ्या मुलीला त्यावरूनच चिडवतात. त्यामुळे टोरांटोताई, मोठ्या बाईने पार्कात जाणं वेगळं आणि सहावीतल्या मुलीने शाळेत शेपूट लावून जाणं वेगळं. आमच्याकडे नियम आहे, घरात आणि मागच्या अंगणात हवं ते घाल, चेहरा दिसेल असा व्हिडिओ टाकायचा नाही. ती मला म्हणाली की आई तुला माझी लाज वाटते का. मी दोन दिवस नीट जेवले नाही. लाज नाही गं, भीती वाटते.

टोरांटोची_लांडगीण
तुमचा नियम पटतो, लहान मुलांच्या बाबतीत मी पण हेच सांगेन. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला शब्दांत द्या प्लीज. माझ्या आईने दिलं नाही, मी मास्क केला तोवर तिशी आली.

मनगट_तज्ज्ञ
मी फिजिओ आहे. चार पायांवर धावणं, क्वाड्रोबिक्स, हा व्यायाम म्हणून वाईट नाही, जपानच्या केनिची इतोने २०१५ मध्ये असं १०० मीटर १५.७१ सेकंदांत केलं होतं, पण तो माणूस वर्षानुवर्षं सराव करत होता. आपली मनगटं त्या उड्यांसाठी बनलेली नाहीत. मुलीला सिमेंटवर करू देऊ नका, गवतावर, आधी नुसतं चालणं, दुखलं की थांबायचं. मास्क घालून उड्या तर नकोच, बाजूचं काही दिसत नाही.

सांगलीकर_काका
मला अजून पटलेलं नाही. पण त्या मुलीला चिडवणाऱ्यांच्या बाजूला मी नाही, एवढं लिहून ठेवतो.

माळावरची
थँक्यू काका. आणि टोरांटो, तुझं ते सापडण्याचं वाक्य डोक्यातून जात नाहीये. मला आजवर दुसरं खोकड भेटलेलं नाही, जिथे बघावं तिथे सगळे लाल विलायती फॉक्स, पांढऱ्या टोकाचे. पार्कात मी नाही जाणार, ते माझं नाही. पण शेपटीच्या काळ्या टोकाचा नुसता फोटो टाकायला हरकत नसावी. रविवारी टाकते.

न्यू_जर्सीची_आई
काल रात्री बोलले तिच्याशी. रडलो दोघी. आता तिला शेपूट करायचीय, माझ्याकडे सुती दोरा पडलाय भरपूर, तो चालेल का?

माळावरची
सुती नको, तो विंचरल्यावर फुलत नाही, तुटतो. ॲक्रिलिक लोकर घ्या, धागे हवेत त्यापेक्षा चार बोटं लांब कापा कारण विंचरताना बरीच गळते. प्राणी कुठला आहे तिचा?

न्यू_जर्सीची_आई
विचारलंच नाही अजून. शाळेतून आली की विचारते.