हेडलाइट लावले की ऑक्सिजन सेन्सरचा दोष येतो. दोन सेन्सर बदलूनही फरक नाही

किनारा_०९ (प्रश्न):
नमस्कार. माझ्याकडे २००९ सालची पेट्रोल गाडी असून ती रत्नागिरीत, समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर, उघड्यावर उभी असते. गेल्या पावसाळ्यापासून तिचा चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०१३१, म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचे (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचे) व्होल्टेज कमी, असा कोड येतो. गॅरेजमध्ये सेन्सर बदलला, तेव्हा दिवा आठवडाभर गेला आणि परत आला. त्यानंतर दुसऱ्या कंपनीचा सेन्सर बसवला, तरी तेच झाले. आता ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. जुन्या गाडीवर एवढा खर्च करणे मला शक्य नाही.

काही गोष्टींची संगती मला लागत नाही. दिवा दिवसा क्वचितच लागतो, मात्र रात्री हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकदम चालू असले की दहा-पंधरा मिनिटांत हमखास लागतो. स्कॅनर सांगतो की हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे (लाँग टर्म फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली दुरुस्ती, +१८ टक्के), पण प्लग काढून पाहिले तर ते काजळीने काळे पडलेले आहेत आणि ॲव्हरेज लिटरमागे १६ किलोमीटरवरून १३ वर आले आहे. बॅटरी गेल्याच वर्षी नवी घातली, तरी सकाळी स्टार्टर ओढून ओढून फिरतो. सेन्सरला तीन तारा आहेत, दोन पांढऱ्या आणि एक काळी. इंजिन आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यातली अर्थिंग मी मल्टिमीटरच्या बीपवर तपासली, तर बीप व्यवस्थित वाजते. कृपया मार्गदर्शन करावे.

तारजोडणी:
ईसीयूला अजिबात हात लावू नका. स्कॅनर पेट्रोल कमी म्हणतो आणि प्लग जास्त म्हणतात, यातच उत्तर दडलेले आहे. प्लगवरची काजळी खोटी असू शकत नाही, तेव्हा ईसीयूला मिळणारा आकडा खोटा आहे.

तीन तारांच्या सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या तारा हीटरच्या आणि काळी तार सिग्नलची असते. सिग्नलची अर्थ स्वतंत्र तारेने येत नाही, ती सेन्सरच्या लोखंडी अंगातून सायलेन्सरच्या पाइपमध्ये, तिथून इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि पुढे अर्थच्या जाड केबलमधून बॅटरी व बॉडीपर्यंत जाते. झिर्कोनिया या सिरॅमिकचा हा सेन्सर तापल्यावर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान वरखाली होतो आणि ०.४५ व्होल्टच्या वर मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त), खाली पातळ (पेट्रोल कमी), असे ईसीयू समजतो. एवढ्या छोट्या सिग्नलमध्ये अर्ध्या व्होल्टची चूक मिसळली, तर उरते काय?

ती चूक कशी मिसळते ते पाहा. इंजिन चालू असताना वीज अल्टरनेटर देतो आणि त्याची बॉडी ब्लॉकलाच जोडलेली असते. हेडलाइट, ब्लोअर, काचेचा हीटर यांचा सगळा प्रवाह गाडीच्या बॉडीतून अर्थ केबलमार्गे ब्लॉककडे परततो. त्या केबलचा जोड गंजलेला असेल, तर प्रवाह वाढताच गाडीची बॉडी ब्लॉकपेक्षा काही दशांश व्होल्ट वर उचलली जाते, आणि ईसीयूची अर्थ बॉडीवर असल्यास त्याला सेन्सरचा आकडा नेमका तेवढाच कमी दिसतो. खरे ०.८ त्याला ०.४ दिसतात. तो पेट्रोल वाढवत राहतो आणि सेन्सर बिचारा खरे बोलत असूनही बदलला जातो.

बीपवर विसंबू नका. केबलचा एकच धागा शिल्लक असला तरी बीप वाजते, कारण मल्टिमीटर त्यातून अगदी किरकोळ प्रवाह सोडतो. भार चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप (दोन टोकांमधला व्होल्टचा फरक) मोजा. गाडी मोकळ्या जागेत न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून चालू करा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर आणि लाल प्रोब बॉडीच्या उघड्या बोल्टवर धरून आधी सगळे बंद असताना आणि मग सगळे चालू असताना आकडा लिहून घ्या. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आला तर अर्थिंग दोषी समजा. स्टार्टर फिरत असतानाही बॅटरीच्या निगेटिव्हपासून ब्लॉकपर्यंत मोजा, कारण ओढून फिरणारा स्टार्टर हीच तक्रार दुसऱ्या शब्दांत सांगतो आहे, असे मला वाटते.

धूरवाट:
वरील निदान मला पटते, तरी एक पुस्ती जोडतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या जोडाची) गॅस्केट गळत असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊनही व्होल्टेज कमी दिसते आणि प्लगही असेच काळे होतात. परंतु गळती हेडलाइट लावल्याने वाढत नाही, त्यामुळे आपल्या गाडीत तिची शक्यता मी मागे ठेवीन.

किनारा_०९:
आपण सांगितल्याप्रमाणे काल संध्याकाळी मोजमाप केले. सगळे बंद असताना ०.०९ व्होल्ट आणि हेडलाइट, ब्लोअर, काचेचा हीटर चालू केल्यावर ०.४१ व्होल्ट. स्टार्टर फिरताना बॅटरी निगेटिव्ह ते ब्लॉक १.३ व्होल्ट. बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी मात्र फक्त ०.०२ आहे. जाड केबल गिअरबॉक्सवर बोल्टने बसवलेली दिसते, बाहेरून ती ठीकच वाटते.

तारजोडणी:
मग दोष त्या गिअरबॉक्सच्या टोकाला किंवा केबलच्या पोटात आहे. आपल्या तीन उपकरणांचा प्रवाह ३५ अँपिअरच्या आसपास धरला, तर ०.४१ व्होल्टचा अर्थ सुमारे ०.०१२ ओहम होतो; साध्या मल्टिमीटरच्या प्रोबचाच रोध त्याच्या दहापट-वीसपट असतो, त्यामुळे ओहमच्या पट्टीवर हा दोष कधीही दिसला नसता.

केबल काढण्याआधी खात्री करून घ्या. बॅटरी जंप करण्याची केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट ब्लॉकच्या स्वच्छ बोल्टवर लावा आणि पुन्हा सगळे चालू करून मोजा. आकडा खाली आला, तर निदान पक्के. त्यानंतर इंजिन बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह सोडवा, गिअरबॉक्सचा बोल्ट काढा, लग (केबलच्या टोकाचा धातूचा डोळा) आणि त्याखालची जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. लगजवळचे इन्सुलेशन थोडे मागे सरकवून आत पाहायला विसरू नका. खाऱ्या हवेत तांबे आतल्या आत काळे-हिरवे पडते, आणि तसे असेल तर घासून उपयोग नाही, तेवढ्याच जाडीची नवी केबल दाबून बसवलेल्या लगसह घाला. ग्रीस किंवा व्हॅसलीन जोड घट्ट केल्यानंतर वरून लावा.

वर्कशॉप_नोंदवही:
हात घालतच आहात तर आणखी दोन गोष्टी सांभाळा. हीटरच्या पांढऱ्या तारांपैकी एक बारा व्होल्टची आणि दुसरी अर्थची असते. ती अर्थ खराब असल्यास सेन्सर सुमारे ३०० अंशांपर्यंत वेळेवर तापत नाही आणि बहुधा पी०१३५ हा हीटरचा वेगळा कोड येतो. तो जोडही आताच पाहून घ्या. दुसरे म्हणजे सेन्सरच्या तारा कापून सोल्डर करू नका आणि त्याच्या कप्लरमध्ये (तारांच्या प्लग-जोडात) ग्रीस भरू नका. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारेच्या धाग्यांमधूनच आत घेतात. ती वाट बुजली की चांगला सेन्सरही चुकीचे आकडे देऊ लागतो. एका गाडीत हेच घडल्यामुळे आमचे दोन दिवस गेले होते.

किनारा_०९:
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. जंप केबल लावताच ०.४१ चा आकडा ०.०४ वर आला, तेव्हा माझा विश्वास बसला. केबल काढली तर गिअरबॉक्सकडच्या लगमागे बोटभर लांबीचे तांबे हिरवी भुकटी होऊन सुटत होते, वरचे रबर मात्र अखंड होते. ऑटो इलेक्ट्रिशियन दादांकडून नवी केबल बनवून घेतली. आता पूर्ण भारावर ०.०३ व्होल्ट आणि स्टार्टर फिरताना ०.१६ व्होल्ट येतात. बॅटरी सोडवल्यामुळे ईसीयूची जुनी शिकवण पुसली गेली होती, म्हणून दोनशे किलोमीटर चालवून मगच पुन्हा स्कॅनर लावला: ट्रिम +३ टक्के आहे, सिग्नल ०.१ ते ०.८ दरम्यान झरझर वरखाली होतो आणि रात्री सगळे दिवे लावूनही कोड आलेला नाही.

पहिल्यांदा काढलेला मूळ सेन्सर मी टाकून दिला नव्हता. तो काल परत बसवून पाहिला आणि तोही तितकाच चांगला चालतो. बॅटरीपासून बॉडीला जाणारी छोटी तार त्याच वयाची आहे, तीही या आठवड्यात बदलून घेत आहे.